बर्फाचा वापसा

भूगोलाच्या पुस्तकात 'हिमगव्हर' असा एक शब्द असतो. हिमनदी डोंगराच्या उशाला जो खोलगा कोरते, त्याचं हे नाव. तीन बाजूंना उभ्या भिंती, चौथी बाजू मोकळी. पुस्तकं त्याला आरामखुर्चीची उपमा देतात. यवतमाळच्या शाळेत एकतीस वर्षं मी हा शब्द शिकवला. वार्षिक परीक्षेच्या उजळणीत तो नेमका एप्रिलमध्ये यायचा. बाहेर पारा बेचाळीसवर, खिडकीतून झळा, वरचा पंखा गरम हवाच खाली ढकलतोय आणि फळ्यावर मी पांढऱ्या खडूनं बर्फ काढतोय. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिथं जाऊन लोक करतात काय?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "काही करत नाहीत. दोन मार्कांना येतो, लिहून घ्या."

उत्तर चुकीचं होतं. ते कळायला मला निवृत्त व्हावं लागलं आणि भाच्यानं एका रविवारी रात्री अमेरिकेतून फोन करावा लागला. "मामा, तुम्ही ते हिमगव्हर शिकवत होते न, मी आज त्याच्यात उभा होतो. पाठीवर स्की बांधून भिंत चढलो अन् घसरत खाली आलो." माझ्या बहिणीला हे सांगायचं नाही, अशी पुढची सूचना होती. ती मी आजवर पाळली. या पुस्तकामुळे आता तिला कळेल.

पुस्तकाचा लेखक म्हणजे हाच भाचा, तेव्हा ही प्रस्तावना निःपक्षपाती आहे असा आव मी आणत नाही. उलट दोन-तीन ठिकाणी त्याच्याशी भांडणार आहे. पण आधी विषयाची ओळख करून देणं माझं काम आहे, कारण मराठी वाचकाला 'स्कीइंग' या शब्दानं जे आठवतं ते इथे फारसं उपयोगाचं नाही. आपल्याला आठवते ती मनालीची सहल. मे महिन्याची सुटी, भाड्यानं घेतलेला कुणाच्या तरी मापाचा कोट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, रोहतांगच्या वाटेवर कुठेतरी मळकट बर्फाचा उतार आणि पायाला दोन फळ्या बांधून दहा मिनिटं धरून चालवणारा एक स्थानिक मुलगा. फोटो निघाला की फळ्या परत. मीही ते केलं आहे आणि त्या फोटोत माझा चेहरा कोणीतरी ढकलल्यासारखा आहे.

दुसरं चित्र सिनेमातलं: श्रीमंत परदेशी लोक पाळण्यात बसून वर जातात, रोलर फिरवून सारखा केलेला उतार भरभर उतरतात आणि पुन्हा पाळण्यात बसतात. या पुस्तकात पाळणा नाही. तयार केलेला उतारही नाही. जेवढं उतरायचं तेवढं आधी स्वतःच्या पायांनी चढायचं, ओझं पाठीवर घेऊन. दोन-तीन तास चढ आणि दोन-तीन मिनिटं उतार, असा हा व्यवहार आहे. व्यापारी माणसाला हा हिशोब पटणार नाही. भाच्यानं याला 'आडरानातलं स्कीइंग' असं नाव दिलं आहे. मला ते आवडलं. आडरान म्हटलं की आपल्याकडे माणूस आपोआप सावध पाऊल टाकतो. इथे तेच अपेक्षित आहे.

ज्या खोलग्याभोवती हे पुस्तक फिरतं त्याचं नाव टकरमन रवीन. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचं छोटं राज्य आहे, त्यातल्या माउंट वॉशिंग्टनच्या आग्नेय अंगाला हा खोलगा आहे. डोंगराची उंची १९१७ मीटर. हा आकडा ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं, कारण आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि गुलमर्ग गावच मुळी साडेसव्वीसशे मीटरवर वसलं आहे. एवढ्याशा डोंगराचं काय कौतुक? पण १२ एप्रिल १९३४ रोजी याच माथ्यावरच्या वेधशाळेत ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर एका चक्रीवादळात त्याहून जास्त वेग नोंदला जाईपर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षं, तो जगाचा विक्रम होता. तारीख बघा: एप्रिल. त्या डोंगरावर वसंत म्हणजे आपला पळस फुललेला फाल्गुन नव्हे.

वारा हाच या खोलग्याचा हमाल आहे. माथ्यालगतच्या उघड्या, झाडं नसलेल्या पठारावर हिवाळाभर जे बर्फ पडतं ते पश्चिम आणि वायव्येकडून येणारा वारा तिथे राहू देत नाही. झाडून, लोटून कडेवरून खाली टाकतो. खाली हा खोलगा तोंड वासून बसलेला. खळ्यावर उफणणी करताना भुसा वाऱ्यानं एका बाजूला जाऊन ढीग होतो, तसं हे. त्यामुळे आभाळातून जेवढं पडलं त्याच्या कितीतरी पट बर्फ या एका खड्ड्यात साठतं, आणि आजूबाजूचे उतार उघडे पडले तरी इथे ते मे अखेरीपर्यंत, कधी जूनमध्येही टिकतं.

नाव कोणाचं, हे मी मुद्दाम शोधलं, कारण मास्तरकीची सवय जात नाही. एडवर्ड टकरमन हे एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ, अॅमहर्स्ट कॉलेजात प्राध्यापक. या डोंगरांत त्यांनी अनेक फेऱ्या केल्या त्या दगडफुलांसाठी. आपल्या काळ्या मसाल्यात पडतं तेच दगडफूल, म्हणजे त्याच कुळातलं. जगभरचे धाडसी तरुण ज्या भिंतीवरून उड्या घेतात, तिला नाव मिळालंय खडकावरची पापुद्र्यासारखी दगडफुलं भिंगातून बघत बसलेल्या माणसाचं. मसाल्याच्या डब्याशी इतकं जवळचं नातं असलेली दुसरी हिमभिंत मला माहीत नाही.

स्कीवाल्यांचा इतिहास भाच्यानं सविस्तर लिहिला आहे, मी थोडक्यात सांगतो. या खोलग्यात स्की घेऊन माणसं गेली ती १९१४ च्या सुमारास. मागची उभी भिंत, जिला तिथे हेडवॉल म्हणतात, ती मात्र १९३१ च्या एप्रिलपर्यंत कोणी वरपासून उतरलं नव्हतं. चार्ली प्रॉक्टर आणि जॉन कार्लटन या दोघांनी ते केलं. मग शर्यत आली. माथ्यापासून थेट पायथ्याच्या रस्त्यापर्यंत, वाटेत ही भिंत. 'इन्फर्नो' हे तिचं नाव, म्हणजे नरक. जुन्या स्वरूपात ती १९३३, १९३४ आणि १९३९ अशी तीनदाच झाली. १९३४ मध्ये डिक ड्युरान्सनं ती १२ मिनिटं ३५ सेकंदांत जिंकली. १९३९ मध्ये टोनी मॅट नावाच्या एकोणीस वर्षांच्या ऑस्ट्रियन पोरानं ६ मिनिटं २९.२ सेकंद घेतली. जवळजवळ निम्मा वेळ! कसा? भिंतीवर वेग मोडायला वळणं घ्यायची असतात. तीन वळणं घेऊन मग सरळ सुटायचं असं त्यानं ठरवलं होतं म्हणतात. पण वरून खाली बघताना त्याचा अंदाज चुकला आणि वळणं घ्यायच्या आधीच तो भिंतीवरून सरळ खाली सुटलेला होता. एवढ्या वेगात मग वळता येत नाही. पायांत बळ होतं, नशीब होतं, तो उभा राहिला. भाचा या प्रसंगाला शौर्य म्हणतो. मी त्याला चूक म्हणतो, जी निभावली गेली. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

पुस्तकाच्या खऱ्या गाभ्याशी माझी ओळख झाली ती कागदावर नव्हे, तिथेच. निवृत्तीनंतर एका एप्रिलमध्ये मी बोस्टनजवळ त्याच्याकडे होतो. यवतमाळात लोक दुपारी दारं लावून निजलेले, आणि मी दोन स्वेटरवर एक जॅकेट घालून पिंकहॅम नॉच नावाच्या खिंडीत पहाटे उभा. तिथून हर्मिट लेकपर्यंत पायवाटेनं सुमारे चार किलोमीटर. अंतर काहीच नाही, माहूरला रेणुकेच्या दर्शनाला आम्ही यापेक्षा जास्त चाललेलो आहोत. पण इथे साडेपाचशे मीटर चढायचं आणि पायाखाली आदल्या दिवशी वितळून रात्री पुन्हा गोठलेलं, काचेसारखं बर्फ. बुटांना खालून दातेरी साखळ्या लावल्या होत्या म्हणून मी उभा होतो. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या एक बाई पाठीवर स्की घेऊन मला मागे टाकून गेल्या. जाताना हसून काहीतरी म्हणाल्या, ते धीर देणारं असावं.

झाडी संपली आणि समोर तो उभा राहिला. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती. मी आरामखुर्ची म्हणून शिकवलं होतं; प्रत्यक्षात मला कढई आठवली. लग्नाच्या मांडवात आचारी घासायला तिरकी करून ठेवतात ती मोठी लोखंडी कढई, फक्त पांढरी. तळाशी जवळजवळ सपाट, मग वाकत वाकत उभी होत गेलेली, आणि वरच्या काठाजवळ कुठे पंचेचाळीस तर कुठे पन्नास अंशांच्याही वर. पंचेचाळीस अंश हे फळ्यावर निरुपद्रवी दिसतं. त्या उतारावर माणूस सरळ उभा राहिला की समोरची जमीन त्याच्या छातीशी येते. हात पुढे केला की बर्फाला लागतो.

भिंतीवर माणसांची एक रांग अगदी हळू वर सरकत होती. लांबून मुंग्या. पुढच्यानं बुटाच्या टोकानं बर्फात लाथ मारून पायरी करायची, मागच्यांनी तीच पायरी वापरायची, प्रत्येकाच्या पावलानं ती आणखी घट्ट होते. सकाळभरात शे-दोनशे पायऱ्यांचा जिना तयार होतो, आणि तो कोणी बांधलेला नसतो. मला माहूरच्या पायऱ्या आठवल्या. फरक इतकाच, की या पायऱ्या दुपारी वितळतात.

भाचा त्या रांगेत जायला निघेल असं मला वाटलं. तो बसला. हातातली काठी बर्फात खुपसून बघितली, मान हलवली, डबा काढला. अर्ध्या तासानं उठून चार पावलं चढला, पुन्हा काठी खुपसली, पुन्हा येऊन बसला. शेजारची पोरं कंटाळून चढायला लागली. मी विचारलं, "काय बघतोस रे?" तो म्हणाला, "अजून झालं नाही मामा." काय झालं नाही, हे त्याला मराठीत सांगता येईना. वरचा थर कडक आहे, थोडा सुटायला पाहिजे, पण फार सुटला तर उपयोग नाही, असं काहीबाही तो बोलत होता.

आणि मला एकदम माझे वडील दिसले. मृगाचा पाऊस पडून गेलाय, शेजारची वावरं पेरायला लागलीत, आणि वडील बांधावर उभे. वाकून मूठभर माती उचलतात, दाबून तिचा लाडू करतात आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडून देतात. लाडू तसाच राहिला तर माती ओली आहे, तिफण चालणार नाही. मुठीत लाडू झालाच नाही तर ओल उडाली. खाली पडून फुटला पाहिजे. फुटला की बैल जुंपायचे. "वापसा," मी म्हणालो. "तू वापसा बघतोयस." भाचा माझ्याकडे बघत राहिला. तो शहरात वाढला, पण आजोबांची माती त्यानं पाहिली होती. "हो," तो म्हणाला, "बर्फाचा वापसा." या पुस्तकाचं बीज तिथे पडलं, असं तो पुढे लिहितो. मला त्यात श्रेय नको, वडिलांना द्यावं.

आता त्यातलं शास्त्र, कारण हा शब्द नुसता गोड म्हणून घेतलेला नाही. हिवाळ्यात पडलेलं ताजं बर्फ पिसासारखं असतं, चांदण्यांच्या कणांचं. वसंतात दिवसा ऊन लागतं, वरचा थर वितळतो, पाणी कणाकणांमधून झिरपतं. रात्री ते पुन्हा गोठतं. हे चक्र पुष्कळ दिवस चाललं की कणांची टोकं झिजतात, लहान कण वितळून मोठ्यांना चिकटतात आणि बर्फाचे गोल, ठसठशीत दाणे होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना सांधलेले असतात, सगळा उतार सिमेंटच्या स्लॅबसारखा. ऊन चढलं की वरचे दोन-चार सेंटिमीटर सुटतात आणि खालचा पाया घट्ट राहतो. त्या तेवढ्या वेळात स्कीची कड बर्फात हवी तेवढीच रुतते. लोण्यात सुरी फिरल्यासारखं वाटतं, असं उतरणारे सांगतात. आणखी तासा-दोन तासांनी पाया पण सुटतो, गुडघ्याएवढा पाय आत जातो, आणि ओल्या बर्फाचा अख्खा थर खाली सरकायची भीती सुरू होते.

इंग्रजीत या बर्फाला मक्याच्या दाण्यांवरून नाव आहे. भाच्यानं पहिल्या मसुद्यात 'मका बर्फ' असं लिहिलं होतं. मी ते खोडलं. आमची बरीच वादावादी झाली आणि शेवटी 'साबुदाणा बर्फ' ठरलं. ज्यांनी चतुर्थीला खिचडी केली आहे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही: कमी भिजला तर दाताखाली खडा, जास्त भिजला तर चिकट गोळा, आणि नेमका भिजला तर दाणा दाण्याला सुटा.

रात्रीचा हिशोब दिवसाइतकाच महत्त्वाचा आहे. रात्र ढगाळ असली तर बर्फातली ऊब वर निघून जात नाही, बर्फ नीट गोठत नाही, आणि सकाळी ऊन कितीही सुंदर असलं तरी पाया कच्चा. निरभ्र रात्र असली की हवा शून्याच्या थोडी वर असूनही बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. आमच्याकडे हरभऱ्याच्या काळात स्वच्छ आभाळाची रात्र आली की शेतकरी थंडीचा अंदाज बांधतो, तेच गणित. मग दिशा: पूर्वेकडचा उतार आधी सुटतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. एकाच खोलग्यात, एकाच वेळी, एका कडेचा वापसा निघून गेलेला असतो आणि दुसऱ्या कडेचा अजून यायचा असतो. या पुस्तकातलं चौथं प्रकरण पूर्णपणे यावर आहे. वेळ कमी असेल त्यानं बाकी सोडून तेवढं वाचावं.

चढून जाण्याचा खरा अर्थही इथेच लागतो. ज्या रेषेनं उतरायचं तिथूनच चढायचं, असा जाणत्यांचा आग्रह असतो, आणि मला तो आधी कष्टाचं कौतुक वाटला होता. तसं नाही. चढताना प्रत्येक पावलाला बर्फ स्वतःबद्दल काहीतरी सांगत असतं: इथे बूट रुतत नाही, इथे खाली पोकळ वाजतंय, इथे सावली पडली आणि पुन्हा कडक झालं. पाळण्यानं वर गेलेल्याला यातलं काही कळत नाही. डवऱ्यामागे चाललेल्या माणसाला वावर कळतं आणि रस्त्यावरून मोटरसायकलनं जाणाऱ्याला फक्त हिरवं दिसतं, तसंच.

धोक्यांवर लेखकानं एक प्रकरण दिलं आहे. माझ्या मते दोन द्यायला हवी होती. या एका डोंगरावर आजवर दीडशेहून अधिक माणसं मेली आहेत. सगळी स्कीवर नव्हे, पण मेलेल्याला त्याचा फरक पडत नाही. हिमस्खलन बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे स्कीवाल्यांना आवडणाऱ्या नेमक्या उतारांवर. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुतेक वाचतो, नंतर आशा झपाट्यानं संपते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं यंत्र, पिशवीत लांब सळई आणि फावडं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ते चालवता येणारा सोबती. टकरमनमध्ये वसंताचे आणखी खास धोके आहेत. भिंतीवर हिवाळाभर लटकलेले बर्फाचे प्रचंड लोलक उन्हानं सुटतात आणि मोटारीएवढे तुकडे खाली येतात. कडेला मोठ्या शिळा आहेत, त्यांना 'लंच रॉक्स' म्हणतात. उन्हात बसून डबा खायला, वरच्यांची फजिती बघायला ती हक्काची जागा. नेमकी तीच लोलकांच्या वाटेवर येते. बर्फाखालून ओढा वाहत असतो, तो आतून छत पोखरतो; वरून अखंड दिसणाऱ्या जागी माणूस विहिरीत पडल्यासारखा आत जातो. आणि साधं घसरणं: सकाळच्या कडक बर्फावर एकदा पाय सुटला की थांबायला काही नाही, खाली खडक. तिथे वनविभागाचे बर्फरक्षक आणि हिमस्खलन केंद्र रोज सकाळी इशारा प्रसिद्ध करतात. तो न वाचता चढणारे असतातच. भाचा एका वर्षी त्यांच्यातला होता. ते त्यानं सहाव्या प्रकरणात स्वतः कबूल केलं आहे, तेव्हा मी इथे सांगत नाही.

आपल्याकडे काय, असा प्रश्न वाचकाला पडणारच. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण देशात हिमालय आहे. गुलमर्गला अफरवाट डोंगराच्या अंगावर असे खोलगे ओळीनं आहेत, आणि तिथे पाळणाही आहे आणि आडरानही. गुलमर्ग, मनाली आणि औलीला स्कीइंगचं शिक्षण मिळतं. महाराष्ट्रातून गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमांना मुलं जातात, सह्याद्रीत तयार झालेले पाय त्यांना असतात. पण सह्याद्रीचा खडक रात्रीतून स्वभाव बदलत नाही, आणि बर्फ तासातासाला बदलतं. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला हिमस्खलनात सैन्याच्या उच्चपर्वतीय युद्धशाळेचे सतरा जवान गेले. ज्यांचं कामच बर्फात राहायचं होतं, ते. तेव्हा यवतमाळच्या कोणा पोरानं हे पुस्तक वाचून थेट भिंतीला हात घालावा असा लेखकाचा हेतू नाही आणि माझा तर मुळीच नाही. आधी शिक्षण, मग सौम्य उतार, मग जाणत्याचं बोट.

तरीही प्रश्न राहतोच, जो मला यवतमाळात हे हस्तलिखित वाचायला दिलेल्या प्रत्येकानं विचारला: याचा आपल्याशी काय संबंध? एकानं तर सरळ म्हटलं, "काहून बा एवढा खर्च करता छापायचा? इथं कुल्फी टिकत नाही." त्याला मी उत्तर दिलं ते इथे लिहून ठेवतो.

आमच्या जिल्ह्याचा पश्चिमेकडचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा, ज्वालामुखीच्या थरांचा. पण पूर्वेला वणीकडे गेलं की जमीन बदलते. चुनखडी लागते, कोळसा लागतो. त्या बाजूला, वर्धा-पैनगंगेच्या संगमाच्या परिसरात इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात चुनखडीचा एक जुना खडक उघडा पडलेला इंग्रज भूवैज्ञानिकांना १८७० च्या दशकात सापडला. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे, खोबण्या. वर मातकट थरात लहानमोठे गोटे अस्ताव्यस्त पडलेले, पाण्यानं वाहून आणले असते तर आकारानुसार निवडले गेले असते तसे नव्हे. असं काम एकच कारागीर करतो: तळाला दगड रुतलेलं, वरून दाब असलेलं, सरकत जाणारं बर्फ. फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये यावर लेख लिहिला तेव्हा उष्ण कटिबंधात बर्फ ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटण्यासारखी होती. ओडिशातल्या तालचीरला अशाच गोट्यांच्या थरावरून हा अंदाज आधी मांडला गेला होता. इरईला मात्र बर्फानं आपली सही करून ठेवलेली मिळाली.

सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा आपला भूभाग गोंडवन नावाच्या महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. पुढे बर्फ वितळलं, त्या थंड दलदलीत झाडं वाढली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. वणीच्या खाणीतून भरून जाणारा ट्रक त्या वितळण्यानंतरची कमाई घेऊन जातो. आणि भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथे सापडलेल्या याच काळातल्या बर्फखुणांचा आधार घेऊन वेगेनर या शास्त्रज्ञांनी खंडं सरकतात हे मांडलं. टकरमनचा खोलगा कोरणारं बर्फ त्या मानानं कालपरवाचं. तेव्हा संबंध काय हे मला विचारू नका. सगळ्यात आधी बर्फ आमच्याकडे होतं.

कुल्फीवाल्या गृहस्थांनी दोन प्रती नोंदवल्या.

आता भांडण. लेखकाच्या भाषेबद्दल माझी तक्रार थोडी आहे. बोलल्यासारखं लिहितो, मध्येच वऱ्हाडी येतं, ते मी राहू दिलं. तक्रार आहे ती उताराच्या वर्णनांबद्दल. दोन मिनिटांच्या उतारावर तो बारा-बारा पानं लिहितो आणि तीन तासांची चढण दोन परिच्छेदांत उरकतो. पोटऱ्यांत येणारे गोळे, घामानं ओला होऊन वाऱ्यात गार पडणारा अंगरखा, पाठीवर उभ्या बांधलेल्या स्की वाऱ्याला शिडासारख्या सापडून माणसाला एका बाजूला ढकलतात ते, पुढच्याच्या बुटाची टाच तासभर डोळ्यांसमोर असणं, हे मी त्याच्याकडून तोंडी ऐकलं आहे आणि ते उताराइतकंच चांगलं आहे. मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "मामा, चढण कोणी वाचत नाही." वाचतात. पुढच्या आवृत्तीत बघू.

दुसरं म्हणजे त्यानं परत फिरलेल्या दिवसांची नोंद परिशिष्टात टाकली आहे, बारीक टायपात. सात हंगामांत तो त्या खोलग्यात चौतीस वेळा गेला आणि त्यातले अकरा दिवस भिंतीला पाय न लावता परत आला. प्रत्येक दिवसासमोर कारण आहे: रात्री ढग, गार वारा, दुपारपर्यंत ऊन नाही, सोबती आजारी, एका ठिकाणी नुसतं 'बरं वाटेना'. मी असतो तर हीच यादी पहिल्या पानावर छापली असती. वडिलांच्या जुन्या वहीतही पेरणीच्या तारखांच्या शेजारी असेच शब्द असायचे, 'आज नाही', 'आज पण नाही'.

पहिलं प्रकरण पिंकहॅम नॉचच्या वाहनतळावर पहाटे सुरू होतं. अंधार आहे, गाडीच्या उघड्या डिकीवर बसून लेखक बूट बांधतोय, बोटं गारठलीत. पिशवीत फावडं, सळई, पाणी, आणि स्टीलच्या डब्यात पोळीला लावलेली जवसाची चटणी, जी माझ्या बहिणीनं यवतमाळहून पाठवली आहे, पोरगं हापिसात डबा नेतं अशा समजुतीनं.